'नो ग्रोथ' म्हणजे नेमकं काय? जिवाणू वाढवण्याच्या कामाबद्दल

सोनचाफा (धागालेखिका)

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात काम करते. 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी'ची (नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीची) चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाकीचे रिपोर्ट संध्याकाळी मिळतात, मग याला तीन दिवस कशाला? रिपोर्ट हातात पडल्यावरचा दुसरा प्रश्नही ठरलेला: 'नो ग्रोथ' लिहिलंय, म्हणजे जंतू नाहीत ना? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं तितकं सोपं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

साखर तपासताना यंत्र रक्तात आधीच असलेली गोष्ट मोजतं. कल्चरमध्ये आम्हाला आधी वाढवावं लागतं. नमुन्यातला एखादा जिवाणू प्लेटवर (जिवाणूंचं अन्न, म्हणजे मीडिया, ओतलेल्या बशीवर) एकटा पडला आणि त्याला तिथलं सगळं मानवलं, तर तो वाढतो. ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो आणि सकाळपर्यंत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. ही कॉलनी. तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि सगळे एकाच पूर्वजाचे. घरच्या विरजणात अनेक जाती एकत्र नांदतात, तिथे ते चालतं. आम्हाला मात्र एकच जात निर्भेळ हवी असते, कारण कुठलं औषध लागू पडेल हे मिश्रणावर तपासता येत नाही. म्हणून पहिला दिवस वाढण्यात जातो, दुसरा ओळख पटवण्यात आणि तिसरा औषधांच्या चकत्या ठेवून भोवतीची मोकळी वर्तुळं मोजण्यात.

पण हे सगळं 'मानवलं, तर'. अन्न, तापमान, हवा आणि वेळ, या चारांतलं एक चुकलं तरी प्लेट कोरी राहते. 'नो ग्रोथ'चा खरा अर्थ एवढाच: या मीडियावर, या तापमानाला, इतक्या वेळात काही वाढलं नाही.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मुंबईतलंच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. ते मूळचे गोव्याचे. ऑक्टोबरमध्ये जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या तोकड्या जागेत कामाला लागले. त्यांना लस करायची होती आणि त्यासाठी प्लेगचा जिवाणू प्रचंड प्रमाणात हवा होता. तो यर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला शोधला होता. त्याच्या आवडीनिवडी फारशा कुणाला माहीत नव्हत्या.

हाफकिननी मांसाच्या रश्शात तो वाढवला. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर लस टोचून घ्यायला लोक पुढे आले नसते, म्हणून रस्सा बोकडाच्या मांसाचा. आणि त्यावर त्यांनी तूप सोडलं. रश्शावर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांना जिवाणू खालून चिकटले आणि तिथून धाग्यांसारखे खाली लोंबत वाढत गेले, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. फ्लास्क हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवं पीक धरायला लागे. असं महिन्याहून अधिक काळ चाले. एरवी फ्लास्कला कुणी धक्काही लावायचा नाही, कारण हे सुळके फार नाजूक असतात.

मग तो रस्सा तापवून जिवाणू मारायचे, थोडं कार्बोलिक आम्ल (जंतुनाशक) घालायचं, की झाली लस. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वयंसेवक कैद्यांवर पहिली चाचणी झाली.

मला यातलं तूप फार महत्त्वाचं वाटतं. जिवाणूला टेकायला जागा हवी आहे हे त्या माणसाने ओळखलं आणि ती त्याला दिली.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा.

मांडवीकर

लेख आवडला. हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आवारात गेलोय, पण तुपाचं माहीत नव्हतं. ही जागा परळची, जुना गव्हर्नर बंगला. प्रयोगशाळा तिथे १८९९ मध्ये आली आणि हाफकिनचं नाव १९२५ मध्ये दिलं गेलं.

ताई, मुलकोवालच्या प्रकरणाबद्दल लिहाल का? तिथेही वाद कल्चरचाच होता ना?

खानदेशी

माझ्या मुलीला (वय ६) वारंवार लघवीचा संसर्ग होतो. परवा कल्चर 'नो ग्रोथ' आलं, पण ताप होता आणि लघवीत पू-पेशी भरपूर होत्या. नमुना द्यायच्या आदल्या रात्री घरात होतं ते अँटिबायोटिक सुरू केलं होतं. नमुना सकाळी ७ वाजता घेतला, लॅबमध्ये ११ वाजता पोचला. त्यामुळे असं झालं असेल का?

सोनचाफा

@खानदेशी, दोन्ही गोष्टींचा परिणाम होतो, पण उलटसुलट.

अँटिबायोटिकचे एक-दोन डोस पोटात गेले की ते लघवीत उतरतं आणि जिवाणू वाढेनासे होतात. शरीरातला संसर्ग संपलेला नसतो, प्लेट मात्र कोरी. पू-पेशी भरपूर आणि कल्चर कोरं असं दिसलं की 'औषध आधी सुरू झालं होतं का?' हा आमचा पहिला प्रश्न असतो. म्हणून नमुना आधी, औषध नंतर. रक्ताच्या कल्चरला तर हे आणखी लागू आहे. विषमज्वराचा जिवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात चांगला सापडतो, पण तोवर बहुतेक रुग्णांनी कुठली ना कुठली गोळी घेतलेली असते.

उशिराचा परिणाम उलटा होतो. लघवीत जिवाणू छान वाढतात. बाटली चार तास बाहेर राहिली तर त्वचेवरून आलेले दोन-चार जिवाणूही वाढून आकडा फुगवतात. आम्ही मिलिलिटरला किती जिवाणू हे मोजतो आणि नीट घेतलेल्या नमुन्यात एक लाख किंवा अधिक आले तर तो बहुधा खरा संसर्ग धरतो. नमुना दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या.

रिपोर्ट कोरा असला तरी मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवाच आणि आधी औषध दिलं होतं हे त्यांना स्पष्ट सांगा. लहान वयात वारंवार होत असेल तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी लागू शकते.

@मांडवीकर, मुलकोवालवर सविस्तर लिहिते, आज ड्युटी आहे.

खानदेशी

मनापासून धन्यवाद ताई. उद्याच जातो.

एल्बेकाठी

ड्रेस्डेनहून लिहितोय, इथे सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतो. धाग्यात अगरचा, म्हणजे मीडिया घट्ट करणाऱ्या पदार्थाचा, उल्लेख यायला हवा.

रॉबर्ट कॉख सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जिवाणू वाढवत. रश्शात सगळ्या जाती मिसळून जातात, कापावर मात्र वेगवेगळे ठिपके येतात. पण अनेक जिवाणूंना बटाटा मानवत नाही. मग त्यांनी रश्शात जिलेटिन घालून तो गोठवला. अडचण अशी की माणसाच्या रोगांचे जिवाणू वाढवायला ३७ अंश हवेत आणि तेवढ्यात जिलेटिन वितळतं. शिवाय काही जिवाणू जिलेटिन पचवतात, म्हणजे प्लेटचं पाणी.

वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर कॉख यांच्या प्रयोगशाळेत हवेतल्या जंतूंवर काम करत होते आणि याच त्रासाने बेजार होते. त्यांची पत्नी फॅनी त्यांना कामात मदत करायची, कॉलन्यांची चित्रं काढायची. ती न्यूयॉर्कमध्ये वाढलेली. जावा बेटावर राहून आलेल्या डच ओळखीच्या कुटुंबाकडून तिला अगर माहीत झालं होतं आणि ती घरी त्याची जेली करायची, जी उन्हाळ्यातही वितळत नसे. तिने तेच सुचवलं. अगर ८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि पुन्हा गोठायला ४० च्या खाली यावं लागतं. बहुतेक जिवाणूंना ते पचवताही येत नाही.

कॉख यांनी १८८२ मधल्या क्षयरोगाच्या निबंधात अगरचा जाता जाता उल्लेख केला, हेसेंचं नाव घेतलं नाही. १८८७ मध्ये पेट्री यांनी झाकणाची बशी आणली आणि तिला त्यांचं नाव मिळालं. त्या बशीत आजही रोज जे ओतलं जातं, ते सुचवणाऱ्या फॅनीचं नाव किती विद्यार्थ्यांना माहीत असतं? मला हे फार खटकतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवायला हवं.

ओवी

अगर म्हणजे आपलं चायना ग्रासच ना? त्याची खरवसासारखी वडी करतो आम्ही.

एल्बेकाठी

हो, तेच, लाल समुद्री शेवाळापासून केलेलं. लॅबचं अधिक शुद्ध केलेलं असतं, एवढाच फरक.

पाणकणीस

मी लातूर भागात सोयाबीन करतो. जिवाणू संवर्धकाची (मुळांवर गाठी धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची, बियाण्याला लावायची) पाकिटं दरवर्षी आणतो. यंदा गटातल्या काहींचं म्हणणं आहे की एक पाकीट आणून गूळपाण्याच्या ड्रममध्ये टाकलं की घरच्या घरी शंभर पाकिटांचं रायझोबियम तयार होतं. इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो, खरंच होतं का?

शेंगदाणा

मी जिवाणू संवर्धक तयार करणाऱ्या युनिटमध्ये गुणवत्ता तपासणी बघत असे, म्हणून उत्तर देतो.

ड्रममध्ये काहीतरी नक्की वाढेल, रायझोबियम वाढेल याची खात्री नाही. सोयाबीनवर चालणारा जिवाणू ब्रॅडिरायझोबियम. लॅबमधल्या प्लेटवर, दुसरा कुणी स्पर्धेला नसताना, त्याची कॉलनी दिसायला पाच ते सात दिवस लागतात. गूळपाण्यात, ड्रममध्ये, हवेत मिळून जे हजारो जंतू असतात त्यांतले कित्येक तासाभरात दुप्पट होतात. दोन दिवसांत ड्रम त्यांचा. वास येईल, फेस येईल, 'कल्चर जोरात आहे' असं वाटेल, पण मुळांवर गाठी धरणारा त्यात किती उरला हे तुम्हाला बघून कळणार नाही.

युनिटमध्ये यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल असलेला मीडिया ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करतात, गाळलेली हवा सोडतात आणि प्रत्येक टप्प्याला काँगो रेड घातलेल्या प्लेटवर तपासतात. रायझोबियम तो रंग फारसा शोषत नाही, कॉलनी पांढरट राहते. लाल ठिपके दिसले की भेसळीची शंका घ्यायची. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या संवर्धकात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. ड्रममध्ये हे कोण मोजणार?

पाकिटावरची मुदत बघा, पाकीट उन्हात आणि गाडीच्या टपावर ठेवू नका. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू संवर्धक शेवटी, पेरणीच्या तोंडावर, आणि बियाणं सावलीत सुकवा. ही पाकिटं स्वस्त असतात. इथे पैसे वाचवायला गेलात तर ते पिकात गमवाल.

पाणकणीस

स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. गटात हा प्रतिसाद वाचून दाखवतो. गाठी धरल्या की नाही हे शेतात कसं बघायचं?

शेंगदाणा

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने झाड मुळासकट अलगद खणून काढा, उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्र स्थिर करतेय. हिरवट किंवा पांढरी असेल तर काम करत नाही.

सोनचाफा

@मांडवीकर, आता मुलकोवाल.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली. एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेली.

मागणी अफाट वाढली होती, म्हणून हाफकिननी रश्शाऐवजी अगरवर जिवाणू वाढवायची जलद पद्धत सुरू केली होती आणि तिच्यात कार्बोलिक आम्ल वगळलं होतं. चौकशीत त्यावरच बोट ठेवलं गेलं आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पण गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून वापरला होता, हेही नोंदीत होतं. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि तेवढ्याने मरत नाहीत.

इथे कल्चरचं ज्ञान कामी आलं. धनुर्वाताचा जिवाणू बाटलीत मुंबईपासूनच असता तर तो मधल्या काळात वाढला असता, आणि त्याच्या कल्चरला घाण वास येतो. बाटली उघडली तेव्हा वास आला नव्हता. म्हणजे तो उघडताना शिरला असणार. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रं लिहून हे मांडलं, आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली त्यात. ज्या माणसाने मुंबईला लस दिली त्याच्याशी असं वागायला नको होतं.

त्या मृत्यूंमागे जमिनीवर पडलेला एक चिमटा होता. नव्या मुलांना मी हे प्रकरण नेहमी सांगते. लूप (जिवाणू उचलायची तार) लाल होईपर्यंत ज्योतीत धर, हे का म्हणतो ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

मांडवीकर

वासाचा मुद्दा आजच कळला. धन्यवाद ताई.

विंचुर्णी

माझ्या भावाला क्षयरोग झालाय. तपासणीत दोन तासांत निदान झालं, रिफाम्पिसिनला (क्षयाच्या एका मुख्य औषधाला) प्रतिरोध आहे हेही त्याच दिवशी कळलं. तरी बेडका कल्चरला पाठवलाय आणि सहा आठवडे थांबा म्हणतात. मग याची गरज काय?

सोनचाफा

@विंचुर्णी, गरज आहे. दोन तासांची चाचणी जनुकांचे तुकडे शोधते. ती मेलेल्या जंतूचे तुकडेही दाखवते आणि रिफाम्पिसिनखेरीज इतर औषधांबद्दल बहुधा काही सांगत नाही. भावाला कुठली औषधं चालतील हे पक्कं ठरवायला आणि पुढे उपचार लागू पडतायत का, जिवंत जंतू अजून निघतायत का, हे बघायला कल्चर लागतं.

वेळ लागतो कारण हा जिवाणू दुप्पट व्हायलाच जवळपास एक दिवस घेतो. त्याआधी बेडक्यातले घशाचे इतर जंतू मारावे लागतात, नाहीतर तेच बाटली व्यापतील. त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. क्षयाच्या जिवाणूचं कवच मेणचट असतं म्हणून तो यातून तगतो, तरी त्यातले काही मरतातच. मग द्रव मीडियात ४२ दिवस वाट बघतात. घन मीडिया जुना, लोवेनस्टाइन-येन्सेन यांचा. त्यात अंडी असतात आणि इतर जंतूंना रोखायला मॅलकाइट ग्रीन, त्यामुळे तिरप्या बाटल्या छान हिरव्या दिसतात. तिथे आठ आठवडे. तिसऱ्या आठवड्यात काही नाही म्हणून आम्ही 'निगेटिव्ह' लिहीत नाही. या काळात औषधं मात्र एक दिवसही चुकवू देऊ नका, ती पहिल्या चाचणीवरूनच सुरू झालेली असणार.

विंचुर्णी

सुरू आहेत. समजावून सांगितल्याबद्दल खूप आभार. घरच्यांना दाखवते.

बुलढाण्याची

'मानवलं, तर' यावर थोडी भर. आमचं लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा, हॅलोआर्किआंचा, असल्याचं सांगितलं. (ते जिवाणू नव्हेत, आर्किआ हा वेगळा गट.) मी एमएस्सीला असताना अशा पाण्यातले जीव वाढवायचा प्रयत्न केला आहे. नेहमीच्या न्यूट्रिअंट अगरवर त्यांतलं काही येत नाही. मीठ भरपूर लागतं, सामू दहाच्या आसपास न्यावा लागतो आणि प्लेट सुकू नये म्हणून पिशवीत बांधून कित्येक दिवस ठेवायची. साध्या प्लेटवर 'नो ग्रोथ' आणि समोर अख्खं सरोवर गुलाबी.

एल्बेकाठी

+१. मातीतसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली जितके जिवाणू दिसतात त्यांतले शेकडा एकाच्या आसपासच साध्या प्लेटवर येतात. आणि कुष्ठरोगाचा जिवाणू? हानसेन यांनी १८७३ मध्ये तो पाहिला, पण आजवर कुठल्याच कृत्रिम मीडियावर तो वाढलेला नाही. उंदराच्या पंजात वाढवता येतो हे १९६० मध्ये कळलं, पुढे आर्माडिलोत. दुप्पट व्हायला तो जवळपास दोन आठवडे घेतो. पण हे दार कायमचं बंद आहे असंही नाही. उपदंशाचा जिवाणू शंभराहून अधिक वर्षं दाद देत नव्हता, २०१८ मध्ये सशाच्या पेशींसोबत तो प्रयोगशाळेत सलग वाढवता आला.

चिंचवडकर_सर

उत्तम चर्चा. आठवीच्या मुलांना 'हात धुण्याआधी आणि नंतर' हा प्रयोग दाखवायचा आहे. चायना ग्रास आणि कुकर वापरून जमेल का? काय काळजी घ्यावी?

सोनचाफा

सर, जमेल आणि जरूर करा.

चायना ग्रास, थोडी साखर आणि भाज्यांचं किंवा चिकनचं गाळलेलं सूप एकत्र उकळा. काचेच्या बाटलीत भरून, तोंडाला कापसाचा बोळा लावून, कुकरला पूर्ण वाफ धरल्यापासून वीस मिनिटं ठेवा. हाताला सोसेल इतपत निवल्यावर निर्जंतुक बश्यांत ओता, झाकण जरासं किलकिलं करून, बोलणं बंद ठेवून. गोठल्यावर मुलांनी बोट हलकंच टेकवायचं. एक प्लेट कुणीही स्पर्श न केलेली ठेवा. तिच्यावर काही उगवलं तर बाकीच्या प्लेटांवरून निष्कर्ष काढता येणार नाही.

नंतर झाकण चारी बाजूंनी टेपने बंद करा आणि पुन्हा कधीच उघडू नका, बघायचं ते बाहेरून. प्लेट उपडी ठेवा, म्हणजे झाकणावरची वाफ कॉलन्यांवर टपकणार नाही. खोलीच्या तापमानाला ठेवा, ऊब देऊ नका. ३७ अंशांना नेमके आपल्या शरीरात राहणारे जंतू जोमाने वाढतात आणि शाळेत ते नकोत. घसा, नाक, जखम, शौचालय इथले नमुने अजिबात घेऊ नका. कॉलनीचा वास घेऊ द्यायचा नाही.

हात धुतल्यावरच्या प्लेटवर कधीकधी जास्त ठिपके येतात, तेव्हा मुलं गोंधळतात. धुण्याने त्वचेच्या खोलगट भागातले जिवाणू वर येतात, शिवाय ओला हात जास्त जिवाणू सोडतो. हात पुसून, सुकवून मग टेकवायला सांगा.

चिंचवडकर_सर

हे फार उपयोगी आहे ताई. झाल्यावर प्लेटांचं काय करायचं? आमच्याकडे कचरा घंटागाडीत जातो.

सोनचाफा

तशाच देऊ नका. काचेच्या असतील तर टेपसकट कुकरमध्ये पाऊण तास, मग धुवा. प्लास्टिकच्या असतील तर बादलीत ब्लीचचं पाणी घ्या, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. हातमोजे घालून, पाण्याखाली धरून झाकण सोडवा आणि रात्रभर बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून घंटागाडीत चालेल. हे काम मुलांना देऊ नका, तुम्ही स्वतः करा. आणि ज्या कुकरमध्ये प्लेटा उकळाल, तो यापुढे प्रयोगशाळेतच राहू द्या.